एका गिअरवर सिंहगड: साध्या सायकलने खडा घाट चढताना

सिंहगडाच्या घाटात बिनगिअरची सायकल हातात धरून चालणारी माणसं मला बहुतेक वेळा एकाच टापूत भेटतात, घाट जिथे सुरू होतो त्या गोळेवाडीच्या नाक्यापासून पहिल्या दोन किलोमीटरच्या आत. त्यांचे पाय कच्चे असतात असं नाही. शहरातून वीस-पंचवीस किलोमीटर मारून ते तिथवर आलेले असतात. त्यांचं चुकतं ते आधी, घरी, फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दाते न मोजता निघाल्यामुळे. उरलेलं चुकतं पहिल्या किलोमीटरला.

नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत रस्ता सुमारे ९ किलोमीटर आणि चढ सुमारे ६०० मीटर. सरासरी साडेसहा-सात टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. पण सरासरीने चढ कळत नाही. मधले काही तुकडे आणि वळणांच्या आतल्या कडा बऱ्याच जास्त खड्या आहेत, आणि उतरावं लागतं ते तिथेच.

गिअरच्या सायकलवर चढ वाढला की गिअर हलका करून रमतगमत जाता येतं. आपल्याला ती सोय नाही. पायडल मिनिटाला साधारण ३५ फेऱ्यांच्या खाली गेलं की हॅंडल डुलायला लागतं, आणि ३० च्या खाली प्रत्येक फेरी म्हणजे नव्याने सुरुवात. तेव्हा आपला किमान वेग सायकलने आधीच ठरवून ठेवलेला असतो, आणि तो किती हे घाटात नाही, घरी पाहायचं.

टप्पा १: खडू आणि टेप

पुढच्या चेनव्हीलचे (पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राचे) आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजा. एका दात्यावर खडूची खूण करा, नाहीतर मोजता मोजता तुम्ही दुसऱ्यांदा तिथेच येता. जुन्या २८ इंची काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ ही जोडी खूपदा दिसते. तुमची वेगळी असू शकते, म्हणून अंदाजाने पुढे जाऊ नका.

मग टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खूण करा. उजवं पायडल सगळ्यात खाली आणा आणि सायकल सरळ पुढे ढकलत, हाताने पायडल फिरवत, ते बरोबर एक फेरी पूर्ण करून पुन्हा खाली येईपर्यंत न्या. चाक किती पुढे गेलं ते टेपने मोजा. ४४ आणि १८ ला हे अंतर ५.४ मीटरच्या आसपास येतं. मागे २० दाते असतील तर ४.८ ते ४.९, आणि २२ असतील तर ४.४.

आता हिशोब. मिनिटाला ३५ फेऱ्या धरल्या तर ५.४ मीटरवाल्याला ताशी ११ किलोमीटरच्या वर राहावंच लागतं. ४.४ वाल्याला ९ पुरतात. कागदावर दोन किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो, घाटात तोच सगळं ठरवतो. ताशी ९ ने सात टक्क्यांचा चढ बरेचसे धडधाकट लोक तासभर सोसू शकतात. ११ ने फार थोडे.

पायावरचा भारही बघा. ७० किलोचा माणूस, २० किलोची सायकल, १७० मिलिमीटरचा क्रँक (पायडलचा दांडा), फेरीला ५.४ मीटर. सात टक्क्यांच्या चढावर पायाला फेरीभर सरासरी ३५ किलोंचा जोर लावावा लागतो. बारा टक्क्यांवर तोच ५८-५९ किलो होतो. आणि ही सरासरी झाली. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पाय जवळजवळ काहीच काम करत नाही, त्यामुळे मधल्या भागात याच्या दीडपट लागतो. म्हणजे नव्वदच्या घरात, तुमच्या वजनापेक्षा जास्त. नुसतं पायडलवर उभं राहून तेवढा दाब पडत नाही, हातांनी हॅंडल ओढावंच लागतं. मागे २२ दाते घातले की बारा टक्क्यांची सरासरी ४८ वर उतरते.

तपासा: तुमचं अंतर ५ मीटरच्या वर आहे आणि घाट पहिल्यांदाच चढताय? टप्पा २ वगळू नका.

टप्पा २: मागचं फ्रीव्हील बदला, पुढचं चेनव्हील नको

जुन्या सायकलींत चेनव्हील उजव्या क्रँकलाच पक्कं असतं, ते बदलायचं तर क्रँकसकट. मागचं फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि २० किंवा २२ दात्यांचं सिंगल फ्रीव्हील मोठ्या सायकल मार्केटमध्ये मिळतं. दुकानात जाताना जुनी चेन किंवा तिचा तुकडा बरोबर न्या, म्हणजे रुंदी जुळते का ते तिथेच कळतं.

फ्रीव्हील घरी काढायचा हट्ट करू नका. आपण पायडल मारतो तसतसं ते आणखी आवळत जातं, आणि चढावर सगळ्यात जास्त. त्याच्या खाचांत बसणारा पुलर आणि बाकावर ठोकलेला व्हाइस नसेल तर खाचा झिजवून ठेवाल, आणि मग मेकॅनिकही हात टेकेल. चाक काढून दुकानात न्या, पाच मिनिटांचं काम आहे. नवीन बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावायला आठवणीने सांगा.

लोक हमखास विसरतात ती गोष्ट चेनची. मागे एक दाता वाढला की, चेन तीच ठेवली तर, चाक साधारण ३ मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. १८ वरून २२ वर गेलात तर १२-१३ मिलिमीटर. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा असली तर प्रश्न मिटला. नसली तर चेनला एक इंच जोडून घ्या, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी. जुनी चेन ताणलेली असेल तर नवीनच घाला. नव्या दात्यांवर जुनी चेन जोर लावला की घसरते, आणि घसरते ती नेमकी तुम्ही उभे राहिल्यावर.

सावधान: चाक पुढे सरकलं की मागचे ब्रेक रबर रिमवर पूर्वीच्या जागी टेकत नाहीत. ते पुन्हा जुळवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका. घाट उतरायचाही आहे.

"सपाटीवर पाय फार फिरतील" अशी तक्रार येते. येतेच. २२ दात्यांवर ताशी वीसच्या पुढे पाय शिलाई मशीनसारखे चालतात. गोळेवाडीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचाल. मला हा सौदा परवडतो.

टप्पा ३: जे सपाटीवर ढिलं चालतं ते आवळा

क्रम हाच ठेवा, कारण एक हललं की पुढचं हलतं.

आधी मागचं चाक. जोराने पायडल मारलं की चेन अक्षाची उजवी बाजू पुढे खेचते, चाक तिरकं होतं आणि टायर डाव्या नळीला घासतो. दोन्ही चेन अ‍ॅडजस्टर जागेवर आहेत का पाहा. चेनला मधोमध बोट लावून वर-खाली साधारण अर्धा इंच हालचाल ठेवा. हे एकाच जागी पाहून भागत नाही. पायडल सावकाश फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधा आणि अर्धा इंच तिथे ठेवा. त्यानंतर दोन्ही नट लांब पान्याने आवळा. छोटा चपटा पाना इथे पुरत नाही.

मग कॉटर पिन, म्हणजे क्रँकला आसावर घट्ट धरणारी पाचरीसारखी खीळ. जुन्या सायकलवर घाटात सगळ्यात जास्त घात करते ती हीच. उजवं पायडल पुढे आडवं ठेवा, ब्रेक दाबून त्यावर उभं राहण्यासारखा जोर द्या. मग डावं पुढे आणून तसंच. 'टक्' असा आवाज झाला किंवा एक क्रँक किंचित मागे राहिल्यासारखा वाटला, की पिन ढिली. नुसता नट आवळून ती बसत नाही. नट पिनला फक्त धरून ठेवतो, पिन बसते हातोडीने. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवा, म्हणजे ठोका बेअरिंगवर जाणार नाही. पिनवर सरळ चार-पाच ठोके द्या आणि मग नट आवळा. नवीन पिन पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये पुन्हा थोडी ढिली होतेच.

हे मी घाटात शिकलो. शनिवारी संध्याकाळी एका दुकानात नवीन पिन टाकून घेतली आणि रविवारी पहाटे थेट सिंहगड. पहिला किलोमीटर संपायच्या आत डावा क्रँक प्रत्येक फेरीला एक झटका द्यायला लागला. मी नट आवळत राहिलो, दर पाच मिनिटांनी. पिनचा चपटा भाग घासून गुळगुळीत झाला होता आणि शेवटी पायडल खाली गेलं ते हातभर सैल होऊन. गुडघ्याला नळी लागली ती खूण अजून आहे.

शेवटी सीट. आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकवायची सवय. सपाटीवर निभतं, चढावर गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं. भिंतीला टेकून बसा, टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर घेतला की योग्य तेवढा बाक आपोआप येतो. थांबताना मात्र सीटवरून पुढे उतरावं लागेल, त्याची दोन दिवस गल्लीत सवय करा.

टायरमध्ये हवा बाजूला छापलेल्या आकड्याएवढी भरा. कॅरिअर, बास्केट, दुहेरी स्टँड यातलं जे निघेल ते काढा. यावर वाद घालायची गरज नाही.

टप्पा ४: आधी दोन छोटे घाट

पुण्यातून निघणाऱ्यांना हे सोपं आहे. पहिले दोन-तीन रविवार जुना कात्रज घाट, बोगद्यापर्यंत. चढ मवाळ आहे, त्यामुळे बसून किती वेळ एकसारखं मारता येतं ते इथे कळतं. त्यानंतर येवलेवाडीच्या बाजूने बोपदेव. अंतर कमी, चढ खडा, म्हणजे उभं राहून मारायची तालीम.

तपासा: बोपदेवचा माथा न उतरता गाठला आणि वर पोचल्यावर पाच मिनिटांत श्वास जागेवर आला, तर पुढच्या आठवड्यात सिंहगड. नाही आला तर आणखी दोन रविवार बोपदेव. गुडघा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बोलत असेल तर सराव वाढवू नका. आधी सीट आणि दाते पुन्हा बघा.

टप्पा ५: त्या दिवशीची सकाळ

उजाडायच्या आधी निघा. रविवारी आठनंतर घाटात गाड्यांची रांग लागते, आणि तुमच्या वेगाला मागून हॉर्न वाजवणाऱ्यांची कमी नसते. पावसाळ्यात दरडी येतात, घाट बंदही ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करून निघा.

निघण्याच्या दीड-दोन तास आधी थोडं खा. दोन केळी किंवा वाटीभर पोहे. पाणी निदान दीड लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. खडकवासल्यापर्यंत मुद्दाम मागे राहा. धरणाच्या भिंतीपाशी गिअरवाल्यांची टोळी सर्रकन पुढे जाते, पाय आपोआप त्यांच्या मागे धावायला बघतात. जाऊ द्या त्यांना.

गोळेवाडीला पाच मिनिटं थांबा. मागच्या नटांना पाना लावा. कॉटर पिनची 'टक्' चाचणी पुन्हा. पाणी प्या.

टप्पा ६: प्रत्यक्ष चढ

पहिला किलोमीटर तोंडाने एक पूर्ण वाक्य बोलता येईल अशा बेताने मारा. पाय ताजे वाटतात, वेग १४-१५ वर जातो, आणि तिथेच पुढचे आठ किलोमीटर खर्ची पडतात. आपल्या किमान वेगाच्या एखाद-दोन किलोमीटर वर राहा, त्याहून जास्त नको.

बसायचं कधी, उठायचं कधी, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. लोक पायडल अडकेपर्यंत बसून राहतात आणि मग धडपडत उठतात. तोवर वेग गेलेला असतो, आणि उठताना सायकल क्षणभर मागे हटते, तेवढ्यात उरलासुरला वेगही जातो. समोर चढ वाढताना दिसला की तीन-चार फेऱ्या आधीच उठा, पायडल वरून नुकतंच खाली यायला लागतं त्या क्षणी. असं उठलात की सायकलला कळतही नाही.

उभं राहिल्यावर पाय दाबायचा नाही, त्यावर वजन सोडायचं. उजवा पाय खाली जातोय तेव्हा उजव्या हाताने हॅंडल वर ओढा, सायकल थोडी डावीकडे कलेल, कलू द्या. मग डावीकडे तसंच. शरीर सरळ राहतं, खालून सायकल डुलते. उलटं होत असेल, सायकल ताठ आणि खांदे डुलतायत, तर तुम्ही दमण्याचा जवळचा रस्ता धरलाय. जुन्या सायकलचं मागे वळलेलं हॅंडल मुठीला धरलं तर उभं राहिल्यावर गुडघे मनगटांवर आपटतात. हात पुढे, वळणाच्या जवळ घ्या.

जोर लावायचा तो घड्याळातल्या एक ते चार या भागात. पाचच्या पुढे दाबणं म्हणजे पायडल जमिनीत रोवणं. बाराच्या ठिकाणी पाय पुढे सरकवा, चपलेतला खडा झटकतो तसा. एवढ्याने पायडल अडकायचं थांबतं.

वळणं नीट समजून घ्या. आपण डावीकडून चालतो. रस्ता उजवीकडे वळतो तेव्हा आपण बाहेरच्या कडेला असतो. तिथे चढ मवाळ, बसा, श्वास घ्या. रस्ता डावीकडे वळतो तेव्हा आपण आतल्या कडेला, आणि तो कोपरा भिंतीसारखा उभा असतो. त्यात बसून शिरलात की अडकलात. वळणाच्या आधीच उठा, आतल्या कडेपासून हात-दोन हात बाहेर राहा आणि कोपरा उभ्यानेच पार करा. वरून गाडी येतेय का हे हॉर्नच्या भरवशावर ठेवू नका. कान उघडे, इअरफोन खिशात.

सावधान: रस्त्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला नागमोडी जात चढ कमी करायची युक्ती खरी आहे, पण सिंहगडाच्या रस्त्यावर नाही. समोरचं दोनशे मीटर स्वच्छ दिसत असेल आणि मागे कोणी नसेल तरच, तेही आपल्या अर्ध्या रस्त्यात.

आणि मधे एखादा सपाट तुकडा लागला की वेग वाढवू नका. गिअरवाला तिथे पुढचा गिअर टाकतो. आपली विश्रांती फक्त तिथेच होते. बसा, पाय नुसते फिरू द्या, खांदे सैल करा, पाण्याचे दोन घोट घ्या. ज्यांना हे जमतं ते वर पोचतात. पायांनी दांडगे पण हे न जमणारे मी कोंढणपूर फाट्याच्या अलीकडे कठड्यावर बसलेले पाहिलेत.

टप्पा ७: थांबलात तर

थांबण्यात कमीपणा नाही, पण पडून थांबू नका. पायडल अडकायच्या आधी, अजून दोन फेऱ्यांचा दम आहे तेव्हाच डावीकडे उतरा. सायकल हातात घेऊन शंभर पावलं चाला. उभे राहिलात तर पोटऱ्या गोठतात.

पुन्हा चढायचं ते मवाळ जागी, उजवीकडच्या वळणाच्या बाहेरच्या कडेला किंवा एखाद्या टपरीसमोरच्या सपाटीवर. खड्या चढावरच निघावं लागलं तर मागे-पुढे गाडी नाही हे बघून सायकल रस्त्याला थोडी तिरकी उभी करा, ब्रेक दाबून ठेवा, पायडल उलटं फिरवून घड्याळातल्या दोनवर आणा. त्यावर पूर्ण वजन टाका, ब्रेक सोडा, आणि दुसऱ्या पायाला पायडल सापडेपर्यंत सीटवर बसायचा विचारही नको.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखायला लागलं तर त्या दिवशी तिथूनच परत. मांड्या भाजणं वेगळं, ते चालतं.

टप्पा ८: वर, आणि मग खाली

वर दह्याची मडकी आणि पिठलं-भाकरी वाट बघत असते. दही खा, पिठलं बेताने. अजून उतार आहे, आणि पोट तुडुंब असताना ब्रेकवर ओणवं बसणं काही सुखाचं नसतं.

उतरण्याआधी दोन्ही ब्रेक ओढून बघा. लिव्हर हॅंडलला टेकत असेल तर तिथेच कसून घ्या. उतारावर वेग आधीच आटोक्यात ठेवा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारायचा नाही, वळणाच्या आधी मारून मोकळं व्हायचं. पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा. सतत दाबून ठेवलेला रबर तापतो आणि घसरायला लागतो. दोन-तीन ठिकाणी थांबून रिमजवळ हात नेऊन पाहा. चटका जाणवला तर पाच मिनिटं थांबा.

सावधान: लोखंडी, चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ नसल्यासारखाच. वर असताना पाऊस आला तर तो थांबून रस्ता वाळेपर्यंत टपरीत चहा घ्या. थांबायचा नसेल तर सायकल हातात धरून उतरा, निदान खडे तुकडे तरी.

गोळेवाडीला पोचलात की घरच्या वाटेला लागण्याआधी पुन्हा एकदा पाना काढा. मागचे दोन्ही नट, आणि कॉटर पिनला हातोडीचे दोन ठोके. हातोडी नसेल तर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे असते.